नऊशे एकोणसाठ रुपये पन्नास पैसे

मी, कालिंदी श्रीराम आठल्ये, वय अठ्ठ्याहत्तर, निवृत्त गणित शिक्षिका, राहणार पंचगंगा घाटावरची गल्ली, वाराणसी, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाखाली न येता, स्वहस्ते व पूर्ण शुद्धीत लिहिते. शुद्धीत आहे असे डॉक्टरांचे म्हणणे. माझी स्वतःची गेल्या मंगळवारपासून तशी खात्री राहिलेली नाही.

१. यापूर्वीची माझी तिन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. तिन्हींत एक वाक्य सारखे होते: 'माझा थोरला भाऊ ढुंढिराज यास काहीही मिळू नये.' ते सर्वांत आधी रद्द.

कारण लिहिणे भाग आहे, कारण आरोप मी गल्लीभर केला होता. आईच्या दुखण्यात बाबांनी तिच्या सोन्याच्या पाटल्या बाबांकडे पूजेला येणाऱ्या काठमांडूच्या एका यजमान सावकाराकडे पंधराशे नेपाळी रुपयांवर गहाण ठेवल्या. १९६६ च्या जूनमध्ये माझे लग्न ठरले, तेव्हा त्या सोडवायला दादा साडेनऊशे रुपये घेऊन गेला. आपल्या शंभराला नेपाळचे एकशे साठ मिळत, म्हणजे पंधराशे वीस. हिशेब मीच करून दिला होता. दादा आला तो पाटल्यांशिवाय. हातात सावकाराची पावती: 'नऊशे एकोणसाठ रुपये पन्नास पैसे जमा, बाकी येणे.' माझ्या हिशेबापेक्षा पाचशे साठ रुपये पन्नास पैसे कमी.

दादा म्हणाला, "कालिंदी, तिथे आपला रुपया उतरला गं."

रुपया काय रस्त्यात झिजतो का, असे मी विचारले. बाबा म्हणाले, पोराचा दोष नाही, सरकारने केले. मला वाटले, मुलाची बाजू घेतात. अवमूल्यनाचे मथळे मी वाचले होते, पण ते डॉलरचे. शेजारच्या नेपाळशी त्याचा काय संबंध, असे मी, मॅट्रिकला गणितात पहिली आलेली, ठरवून टाकले. सरहद्दीवरच्या रक्सौलला पत्त्यांत उडवले असणार, हेही मीच ठरवले. लग्न मोडले. त्या दिवसापासून एकोणसाठ वर्षे मी दादाशी बोललेले नाही. तो शिंदे घाटाजवळ राहतो. पायी दहा मिनिटे.

गेल्या मंगळवारी दादाची नात अंतरा आली. त्या घरातली एवढी एकच माझ्याकडे येते. एम.ए.ला भारत-नेपाळ विनिमय दरांवर प्रबंध लिहिते आहे. जुनी गोष्ट तिला कोणी सांगितलेली नाही. दरांचा तक्ता माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "आत्याआजी, हे बघ ना, सहा जून छासठ. एका रात्रीत एकशे साठवरून एकशे एक. एकदम गिरला भाव."

मी साडेनऊला एकशे एकने तोंडी गुणले. नऊशे एकोणसाठ पूर्णांक पाच. पुन्हा गुणले. मग कागदावर. अंतरा विचारत राहिली, काय झाले. सदतीस वर्षे पोरांना ओरडत आले, उत्तर आले तरी ताळा करून बघा. हा ताळा मी कधी केला नाही. १९९३ पासून भाव पुन्हा एकशे साठच आहे. घाटावर नेपाळी यात्रेकरू तो आकडा सांगत, तेव्हा मला वाटे, बघा, मी बरोबर.

ती पावती मी पुरावा म्हणून डब्यात जपली. आणि चोर वरचे पन्नास पैसे भरत नाही, एवढे मला दिसले नाही.

२. ही पावती, डब्यासकट, दादाला. त्याच्याच हाती द्यावी.

३. भाचा वेणीमाधव, दादाचा मुलगा, हल्ली लखनौ, माझ्या वर्गात होता. साडेनऊशे रुपये घेऊन काठमांडूला जाणाऱ्या गृहस्थाचे उदाहरण मी दर वर्षी फळ्यावर घालत असे. मुद्दाम. वेणीने उत्तर लिहिले ९५९.५०, म्हणाला, बाबा सांगतात. मी त्याला वर्गाबाहेर उभे केले व शून्य दिले. त्याला माझ्या मुदत ठेवीतील दोन लाख रुपये आणि त्या उदाहरणाचे पैकीच्या पैकी गुण द्यावेत.

४. फळ्यावरचा लाकडी कंपास व कोनमापक शाळेला. शेजारीण मृणालिनीकडून मागून आणलेली पितळी परात तिची तिला. चार वर्षे झाली, ती बिचारी मागत नाही.

५. पाटल्या नाहीत म्हणून लग्न मोडणारे ग्वाल्हेरचे श्रीनिवासराव यांच्यावरचा राग मी कायम ठेवते. त्यांना कुठल्याच भावाने माफी नाही.

६. ~~माझी स्वकष्टार्जित दोन खोल्यांची जागा भाऊ ढुंढिराज यास.~~ हे कलम आज खोडले. खोडाखोडीवर माझी सही आहे.

वरची कलमे परवा लिहिली होती. काल मी दादाकडे गेले. दारातच सगळे सांगितले, हात जोडले, जागा तुझ्या नावे केली म्हणाले. सोबत नेलेला तक्ता त्याने ओळीओळीने वाचला. मग विचारले, साक्षीदार कोण आहेत, मला होता येईल का. मी म्हणाले, ज्याला मिळकत मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही असे वकील सांगतात.

"मग घर नको," दादा म्हणाला. "तेव्हा माझी गवाही कुणी मानली नाही. आता गवाही घे."

मी रडले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, त्याच्या उंबऱ्यावर बसून.

७. म्हणून जागा व उरलेली ठेव अंतराला. पावतीही आजच दादाच्या हाती दिली, म्हणून कलम दोन संपले.

येणेप्रमाणे मृत्युपत्र लिहून दिले.

स्थळ: वाराणसी. दिनांक: १९ नोव्हेंबर २०२५.

सही: कालिंदी श्रीराम आठल्ये

साक्षीदार:
१. ढुंढिराज श्रीराम आठल्ये, वय ब्याऐंशी, शिंदे घाट
२. मृणालिनी प्रल्हाद सप्रे, शेजारीण

पहिल्या साक्षीदारास मी जन्मापासून ओळखते. त्याचा शब्द खरा आहे.