मंत्राआधीची लाथ

बाबा,

तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली. त्याआधी सात वर्षं तुम्ही ठाण्यात जिवंत होतात आणि आम्ही कल्याणात तुम्हाला मेलेले धरून चाललो होतो. तुम्ही बाप्तिस्मा घेतल्याचं कळलं त्याच आठवड्यात जातीने तुमचा घटस्फोट ठरवला. जातीबाहेर काढायचा विधी, जिवंत माणसाचं क्रियाकर्मच ते. तुमच्या नावाने भरलेली घागर मुलाने डाव्या पायाने लवंडायची, की बाप मेला. मी दहा वर्षांचा होतो. भटजींचा मंत्र संपायच्या आतच मी लाथ हाणली. विधी फुकट गेला, घागर पुन्हा भरावी लागली. काका कौतुकाने म्हणाले, "पोरगं धर्माचं कडक आहे हो!" कसला धर्म? तुम्ही आम्हाला सोडून दुसऱ्या कुणाला निवडलंत, याचा तो राग होता. दुसऱ्या खेपेला मी मंत्र संपेपर्यंत नीट थांबलो.

सोळाव्या वर्षी परीक्षेसाठी ठाण्याला आलो आणि विचारत विचारत कोपरीत तुमच्या दाराशी पोचलो. तुम्ही चुलीपुढे बसला आहात. दुष्काळात आईबाप गेलेली, मिशनमधून तुम्ही घरी आणलेली आठ-नऊ वर्षांची पोर शेजारी बसून खिदळते आहे, "बाबा, ही पण करपली!" आमच्याकडे पाण्याचा तांब्यासुद्धा तुम्हाला हातात लागायचा, आणि इथे तुम्ही तिच्यासाठी भाकऱ्या थापताय. माझं 'बाबा' तिच्या तोंडी ऐकून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तुम्ही पाणी पुढे केलंत. तहानेने जीव कासावीस झाला होता, तरी मी हात मागे घेतला. तुम्ही म्हणालात, "बरोबर आहे तुझं. प्यायलास तर तुलाही घराबाहेर काढतील. ही किंमत माझी आहे, तुझी नव्हे."

"मग आम्ही सहा वर्षं काय भोगतोय?" मी ओरडलो.

तुम्ही तव्यावरची भाकरी उतरवून ठेवलीत. मग म्हणालात, "त्याने बोलावलं, आणि मला गेल्यावाचून राहवेना. तुम्हाला भोगावं लागेल हे ठाऊक होतं मला. ठाऊक असून गेलो." निदान तुम्ही फसला होतात, भुललात, असं म्हणण्याची सोय तरी ठेवायची होतीत. त्या पोरीचा हेवा पुढे विरला, पण ज्याने तुम्हाला नेलं त्याचा नाही. देव असला म्हणून काय झालं? माझ्यासाठी कधी कुणी घरदार सोडलेलं नाही.

निघताना तुम्ही हळूच विचारलंत, "तुझी आई वेळेवर जेवते ना रे? माझ्यासाठी थांबून राहायची तिला सवय होती."

घरी आलो तर आई उंबऱ्यातच उभी. ठाण्याला गेलो म्हणजे तुमच्याकडे गेलोच असणार, हे तिने ओळखलं होतं. "माझं काही विचारलं त्यांनी?"

मी म्हणालो, "नाही."

जातीने विधवा ठरवूनही तिने कुंकू पुसलं नव्हतं. त्या संध्याकाळी पुसलं. आत्ता ती परसात तांदूळ निवडत बसली आहे, हाक मारली तर ऐकू जाईल इतकी जवळ. पण तुम्ही त्याला मिळालात, त्या पोरीला मिळालात, माझ्या वाट्याला तुमचा हा एवढा एक प्रश्न आला, आणि तोही खरा आईचा. तिचा तिला देऊन टाकायला मी अजून उठलेलो नाही.