जवाची हजामत

३ नोव्हेंबर
आलो एकदाचा! कासाब्लांकात वीस वर्षं लोकांच्या दाढ्या केल्या आणि आता ॲटलासच्या डोंगरात मामाच्या मातीच्या घराचा मालक झालो. तीन खोल्या, दारात अक्रोड, मागे पायरीएवढं वावर. हवा अशी की छाती भरून घ्यावी. छत तेवढं गळतं आणि भिंतींचा गिलावा पोपडे धरून पडतोय. बायको इट्टो माहेरी आहे, तिला सातवा महिना आहे. सासूबाईंनी बजावलंय की घर धड झाल्याशिवाय लेक आणि नातवंड दोघांनाही पाठवणार नाही. गिलाव्याच्या चिखलात भुसा लागतो. शेजारच्या दादा हद्दूकडे मागितला तर म्हणाला, अरे बास्सू, दोन वर्षं धड पाऊस नाही, माझं खेचर माझ्याच तोंडाकडे बघतंय, तुला कुठून देऊ? पेर की स्वतः! वर पोतंभर जव दिला आणि पुदिन्याचा चहा पाजला. माणूस चांगला आहे.

१९ नोव्हेंबर
पेरलं. चिमण्यांनी निम्मं खाल्लं. परत पेरलं. दादा हद्दू बांधावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होता, न्हावी आलाय, वावराला केस लावतोय. हसा लेको, हसा.

११ मार्च
तिझिरी जन्मली तेव्हा जानेवारीत दोन दिवस जाऊन आलो. एवढीशी मूठ, पण माझी दाढी अशी धरली की सोडवता सोडवेना. इट्टो हसून लोटपोट. तेव्हापासून दुसरं काही सुचत नाही. आणि इथे जव जेमतेम गुडघ्याला लागतोय. शेळ्या शिरल्या, गारा पडल्या, काही म्हणून राहिलं नाही. वैताग आहे नुसता.

२ मे
कापलं! दाणा अजून दुधात आहे, गावाची कापणी महिन्यावर आहे. पण मला दाणा हवाय कशाला? मला काड हवं. बाजारातून पेट्रोलवरचं यंत्र आणलं आणि कडेकडेने आत कापत गेलो. मधे चटईएवढा तुकडा उरला तेव्हा लल्ला तुदा धापा टाकत आली. ही गावातली सगळ्यात म्हातारी सुईण. म्हणाली, थांब मेल्या, शेवटचा तुकडा असा कापतात होय? कापणाऱ्याने त्यात उभं राहून शेताला निरोप द्यायचा असतो: तू मर शेता, जो मरत नाही तो तुला पुन्हा उठवील. मगच कापायचं. नाहीतर शेताला कळत नाही आपण मेलोय ते.
मी म्हटलं, लल्ला, वीस वर्षांत एकाही दाढीला मी निरोप दिला नाही. आणि यंत्र फिरवलं. म्हातारी रडत गेली. डोक्याला ताप!

९ मे
काड वाळत नाही. सात दिवस कडक ऊन, रोज उलटंपालटं करतो, हात सोलवटले. तरी हिरवंगार. दादा हद्दूने काडी मोडून पाहिली. आतून दूध आलं. आज त्याने विनोद केला नाही.

१४ मे
गेलं खड्ड्यात! हिरवं तर हिरवं. बारीक केलं, चिखलात घातलं, दोन दिवस पायांनी तुडवलं. तिन्ही खोल्या लिंपून झाल्या. दिसतं सुरेख. टेकडीवर जाऊन इट्टोला फोन केला. २४ तारखेला बाजाराच्या गाडीने दोघी येतायत. पाळणाही टांगला.

१७ मे
भिंतीला कोंब फुटलेत. एखादा दाणा राहिला असेल. वस्तरा काढला आणि भिंतीची दाढी केली. काय दिवस आलेत.

१९ मे
परत. वीतभर. सकाळी साफ केलं की जेवेपर्यंत हजर. दाणे राहिले नव्हते — मी नीट आठवून पाहिलं. दाणे पिकलेच नव्हते मुळी. फुटतंय ते भुशातून.

२१ मे
लोंब्या आल्या. सगळ्या पाळण्याकडे वाकल्यात. खिडकी तर उलट बाजूला आहे, ऊन तिकडून येतं. पाळणा दुसऱ्या खोलीत हलवला. आंघोळ करून आलो तर तिथल्याही — वळलेल्या.

२२ मे
टेकडीवर गेलो. इट्टोचा फोन लागत नाही. सासूबाई म्हणाल्या, ती पहाटेच निघाली, वाटेत बहिणीकडे मुक्काम. आता घाटात फोन कुठला लागायला!
लल्ला तुदाचे पाय धरले. खोलीत उभा राहून निरोप म्हटला. तीनदा. काही नाही. ती म्हणाली, हा शेवटचा तुकडा आहे का रे बाबा? आधी सगळं काप. जिथे शेवटचं उरेल, तिथे तू म्हण. कापलंस तू, तूच म्हणायचं, माझ्याने नाही व्हायचं.

२३ मे
गिलावा खरवडला. तिन्ही खोल्या. सगळं वावरात जाळलं, वावरही जाळलं. दादा हद्दू मदतीला आला. भिंती उघड्या. काही उरलं नाही. कुठेच नाही.
मग शेवटचा तुकडा कुठे?
पिंढऱ्यांना खाज आहे. चिखल तुडवला होता तिथे —

२४ मे, सकाळ
पायांवरचे कोंब भादरले. पुन्हा आले. दादा हद्दू दार वाजवत होता, उघडलं नाही. घशात कुसळ. आवाज निघत नाही.
आरशात पाहिलं. हनुवटीवर आलंय. हे केस नाहीत.
पळून जावं तर — दार ओलांडलं की अंगावरचं सगळं त्या रस्त्याकडे वळतं. खाली. घाटाकडे.

दुपार
गाडीचा हॉर्न. ओढ्याजवळ.
तिझिरी माझी दाढी धरते. आल्या आल्या धरणार.
वस्तरा चालत नाही आता. बोलायला गेलो — नुसता भुसा. निरोप मीच म्हणायचा आहे. लिहून चालेल का, लल्लाला विचारायला हवं होतं. इट्टोचा आवाज. हाक मारतेय. हसतेय. सगळ्या लोंब्या तिकडे —
इट्टो, दार उघडू नकोस. हद्दूच्या घरी जा.
तू मर शेता. जो मरत नाही तो तुला पु