रामिरोचं डोकं

९ मे २०१७, ओटावा
रेवाच्या फुटबॉल टीमला नवा कोच. रामिरो. तरुणपणी चिलीच्या राष्ट्रीय संघात फॉरवर्ड, हेडरने, म्हणजे डोक्याने, गोल करण्यासाठी प्रसिद्ध. अभयने जेवताना जुने व्हिडिओ लावले. तुडुंब स्टेडियम, आणि सगळ्यांच्या वर उडालेलं हे एक डोकं. आता साठी उलटलीय. नवरा पार फिदा. तेरा वर्षांची लेक तर जमिनीवरच नाही.

२७ मे
ग्रोसरीत रामिरो भेटला. एका चिलियन आजोबांनी रांगेतच त्याचं डोकं धरून कपाळाचा मुका घेतला, आणि रडायला लागले. एका बाईने केळी टाकून सेल्फी काढला. एवढं प्रेम! पार्किंगमध्ये मला विचारतो, तू कोणाची आई? काल तासभर बोललो होतो. थट्टा असेल.

१० जून
थट्टा नव्हती. प्रॅक्टिसला त्याने आत्ताच संपवलेलं ड्रिल पुन्हा समजावायला घेतलं. पोरी खुसखुसल्या. त्याची बायको एलेना रोज बाकावर बसलेली असते, मला वाटायचं हौस. आज बाजूला घेऊन म्हणाली, विसरायला लागलाय. डॉक्टर म्हणतात, हेडर्समुळे असू शकतं. "प्लीज, कोणाला सांगू नकोस. या मुली आहेत म्हणून तो सकाळी बूट घालतो."
 मागे रेवा हेडरच मारत होती. धप्प. धप्प.

११ जून
अ. ला सांगितलंच. "तेव्हाचे बॉल भिजून दगड व्हायचे गं. आता तसं नसतं. उगाच घाबरतेस."
गूगल केलं. नको होतं करायला.

२४ जून
मॅच जिंकली. रेवाचा हेडर! पण समोरच्या मुलीच्या डोक्यावर आपटून पडली. उठली. ट्रेनरने तपासायला विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर. रामिरोसाठी आलेली चिलियन मंडळी तिच्या नावाने ओरडत होती, रामिरोने तिला उचलून घेतलं. अ. नाचत होता.  मला टाळ्या वाजवताच येईनात.

२५ जून
रेवा पडदे ओढून बसलीय. नाश्ता नको. "लाइट्स जस्ट अनॉयिंग, आई. डोन्ट टेल कोच." शनिवारी प्रॉव्हिन्सच्या टीमची निवड आहे ना.  आता अ. पण घाबरलाय. त्यामुळे मला जास्तच भीती वाटली. लगेच क्लिनिकला निघतोय.

२६ जून
कन्कशन, मेंदूला धक्का. खेळ बंद. परत कधी, ते नंतर बघू म्हणाल्या डॉक्टर. आणि परत लागलं तर? विचारायचं होतं, रेवासमोर नको म्हणून टाळलं. रेवा गाडीत रडत होती.
मैदानावर जाऊन रामिरोला सांगितलं. आज अगदी भानावर होता. रेवासमोर गुडघ्यावर बसला.
"डोळ्यांना उजेड खुपतो?"
"थोडा."
"मलाही खुपायचा. कोणाला सांगितलं नाही. लोक ओरडत असायचे ना."
मला वाटलं, सुटलो. हा सांगतोय म्हणजे ही ऐकेल.
रेवाने विचारलं, हे सगळं आधी माहीत असतं तर हेडर मारले नसते?
तो मैदानाकडे बघत राहिला. एलेना त्याच्याकडे.
"मारले असते," म्हणाला.
दोन दिवसांत रेवा पहिल्यांदा हसली. घरी येईपर्यंत ते हसू तिच्या तोंडावर होतं.