टीव्हीवाली ढोबळी

प्रिय वहिनी,

तुम्ही आम्हाला वीस-बावीस वर्षं फसवलंत, हे काल दुपारी कळलं! माझा अजून विश्वास बसत नाही. भांडायला तुम्ही नाही, म्हणून लिहिते आहे.

पुढच्या आठवड्यात तुमचं वर्षश्राद्ध. दादा म्हणाला, तिची टीव्हीवाली ढोबळी मिरची झालीच पाहिजे. तुमची लेक रेणू म्हणाली, आत्या, स्वयंपाकाचे ते जुने कार्यक्रम आता फोनवर सापडतात, मूळच बघू. तिनं पाच मिनिटांत शोधून टीव्हीवर लावलासुद्धा. तीच बाई, तीच कडक इस्त्रीची साडी, तेच शांत बोलणं. आणि तिनं मिरचीत काय भरलं? उकडलेला बटाटा आणि मटार!

येसर कुठं गेलं? तीळ, चिंच-गूळ? रेणूनं मागं नेऊन पुन्हा लावलं, पुन्हा बटाटाच. मग कार्यक्रम बघून लिहिलेली तुमची वही उघडली. तुमच्या अक्षरात तोच बटाटा, तेच मटार.

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. धान्यं आणि मसाले भाजून दळलेलं ते येसर तुमच्या माहेराहून, गंगापूरहून, डब्यानं यायचं. मुंबईच्या स्टुडिओतल्या बाईला ते कोण देणार होतं? आपल्या घरात ते इतकं रोजचं, की एवढ्या वर्षांत कुणाला ही शंका आलीच नाही.

मग टीव्हीवाली कढी पाहिली, टीव्हीवाल्या वड्या पाहिल्या. एकही टीव्हीवाली नव्हती, वहिनी! आणि आम्ही जे खाल्लं, ते तुमच्या वहीत कुठंच नाही.

दादाला सांगितलं. हातातला पेपर खाली न ठेवता तो म्हणाला, "मला ठाऊक होतं. शपथ घातली होती तिनं."

मी त्याच्या हातातला पेपर काढून घेतला.

"आईला सुनेच्या मनाचं चालत नव्हतं, टीव्हीतल्या बाईचं चालायचं," तो म्हणाला. "ही म्हणायची, खाल्लं ना त्यांनी, मग नाव कुणाचंबी असू द्या."

खरंच आहे. तुम्ही नव्या होतात तेव्हा वांग्यात तुम्ही काहीतरी वेगळं घातलं, तर आईनं ताट बाजूला सारलं होतं. घरात मनाचं कायबी करायचं नाय, म्हणाली होती. आणि तीच आई पुढं, टीव्हीतल्या बाईच्या हाताला लई चव हाय, असं म्हणत दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. त्या बाईचा हात कधी आपल्या घरात आला होता का? दुपारी आई भजनाला, मी कॉलेजात. कार्यक्रम बघायला तुम्ही एकट्याच असायचात.

पण आईला काय बोलू? मी काय कमी होते? पाहुण्यांनी तुमच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं की मी म्हणायचे, "टीव्हीत बघून काय, कुणीही करेल." तुम्ही हसायचात आणि माझ्या पानात अजून एक मिरची वाढायचात. आता आठवलं तरी मला लाज वाटते.

पुढं ते कार्यक्रमही बदलले. शांत बाई गेली, नटनट्या आल्या, बक्षिसं आली, मग घड्याळ लावून स्पर्धा आणि रडारड. आता तर फोनवर अर्ध्या मिनिटात बिर्याणी होते, आणि करणारीचे नुसते हात दिसतात. एकदा आपण दोघी अशीच एक स्पर्धा बघत होतो. परीक्षकानं एकीची भाजी नावं ठेवून परत केली आणि ती रडायला लागली. मी म्हटलं, काय हा तमाशा, आपली जुनी बाईच बरी होती.

तुम्ही म्हणालात, "तिच्या एप्रनवर तिचं नाव तरी लिहिलंय, वन्सं."

मला वाटलं, तुम्हाला एप्रन आवडला. दिवाळीला मी तुम्हाला एप्रन आणून दिला. कोरा!

मला तरी सांगायचं होतं ना, वहिनी! आई जाऊनही आठ वर्षं झाली होती. मग कुणाला भ्यायचात? की माझं ते वाक्य ऐकून ऐकून सांगावंसंच वाटलं नाही?

काल संध्याकाळी आम्ही ढोबळी करून पाहिली. गंगापूरच्या डब्यात तळाशी थोडं येसर होतं. चिंच जास्त झाली. दादानं एक घास खाल्ला, मान हलवली आणि म्हणाला, "ती नाय." नंतर मात्र त्यानं पान पूर्ण संपवलं. आज पुन्हा करणार आहोत, उद्याही करू.

श्राद्धाच्या दिवशी जशी जमेल तशी पानात वाढेन. आपल्या पाहुण्यांना सवय आहे, कुणीतरी विचारेलच, टीव्हीतली का? तेव्हा सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं सांगेन, हा माझा शब्द. बिघडली असेल तर माझी म्हणेन, आणि जमली असेल तर तुमची.

तुमची नणंद,
शोभा
सिडको, छत्रपती संभाजीनगर