पाठमोऱ्या राजाचं वाक्य

३ मार्च
राजाचा रोल मिळाला! गाण्यांचा कार्टूनपट आहे. हरवलेली राजकन्या आणि तिची वाट पाहणारा बाप. म्हणजे लीडच. डबिंगवाली डायरेक्टर म्हणाली, काका, एकूण अकरा वाक्यं आहेत. असू देत. राजे कमीच बोलतात.
आजपासून सिगारेट बंद. आवाज जपायचा.

५ मार्च, रात्री
सिगारेट उद्यापासून. आजच्या सीनला घोगरा आवाज हवा होता.
लेकीची आठवण वगैरे आली नाही. सात वर्षं बोलत नाही ती. लग्न ठरवून आली तेव्हा मी 'पुन्हा या दारात पाऊल ठेवू नकोस' म्हणालो, एवढंच. रागात माणूस बोलतो. इतकं मनाला लावून घ्यायचं?

८ मार्च
शेवटचा सीन. राजकन्या परत येते आणि राजाला वाक्यच नाही. नुसता हुंदका! पण मिठी मारताना राजा चार सेकंद पाठमोरा आहे. ओठ दिसत नाहीत, तिथे काहीही बसवता येतं. तीस वर्षं हेच केलंय. हळूच म्हणालो, "चुकलो गं, चिमणे."
चिमणी लेकीला फक्त मीच म्हणायचो. डायरेक्टर म्हणाली, छान आहे, राहू दे.

९ मार्च
फोन मी करणार नाही. बहिणीमार्फत रिलीजची तारीख कळवली, सहज. नात सहा वर्षांची आहे म्हणे. मुलांना असे सिनेमे आवडतात.

२ एप्रिल
उद्या रिलीज. दाराची बेल दुरुस्त करून घेतली. तीन वर्षं बंदच होती, कधी अडलं नाही.

४ एप्रिल
फोन नाही. रेंज नसेल.

६ एप्रिल, दुपारी
बहिणीचा फोन. मायलेकी जाऊन आल्या. शेवटी लेक खूप रडली म्हणे. मी म्हटलं, राजाचं वाक्य ऐकून ना? बहीण म्हणाली, दादा, त्यांनी इंग्रजीत पाहिला. नातीला मराठी समजत नाही रे.
इंग्रजीत राजा काही बोलत नाही.

७ एप्रिल
बहिणीकडून नंबर घेतला. तीनच शब्द आहेत. आरशासमोर वीस वेळा म्हणून पाहिले. चोख.
सकाळी अकराला लावला. तिने उचलला. हॅलो म्हणाली, कोण बोलतंय म्हणून दोनदा विचारलं. तिचा आवाज ऐकला आणि माझ्या तोंडून नुसता हुंदका आला. राँग नंबर म्हणून तिने ठेवून दिला.
शब्द फुटला नाही तो सिगारेटमुळे.