वॉर्डात घातलेलं गाऱ्हाणं

रत्नागिरी, श्रावण, १९८५

चि. केरू यास दादाचे इस्पितळातल्या खाटेवरून अनेक आशीर्वाद. इकडे सर्व क्षेम आहे, एक पाय सोडून. मुलांचा खोकला गेला का? गिरणी बंद पडल्यापासून तुझी पत्रं फार आखूड येतात. या खेपेला तर दोनच ओळी: गणपतीनंतर येतो, तुम्हा दोघांना मुंबईला नेतो, घराला कुलूप लावू. त्या वाचल्यापासून मला झोप नाही, म्हणून हे लांबलचक उत्तर.

मी पडलो कसा, हे गावाने तिखटमीठ लावून कळवलंच असेल. खरं एवढंच, की फणस उतरवताना झाडाखाली कुणी उभं राहू नये, असं मी ओरडून सांगत होतो, आणि ते झाडाखाली उभा राहून सांगत होतो. (फणसाला काही झालं नाही. तुझ्या राहीवहिनीने गरे शेजारीपाजारी वाटले आणि बरका नाही, चांगला कापा निघाला, हे मला इस्पितळात येऊन सांगितलं.) मांडीचं हाड मोडलं. डॉक्टरांनी आत सळई बसवली आणि एक्सरे उजेडाकडे धरून दाखवला. केरू, माझ्यासारख्या काळ्या खरबरीत माणसाच्या आत एवढं गोरंपान, कोरीव काम असेल, असं मला जन्मात वाटलं नव्हतं. किती वेळ बघतच राहिलो.

पण सळई बसली तरी मी काही उभा राहीना. इथे व्यायाम करून घ्यायला मालनबाई म्हणून कोल्हापूरकडची मुलगी आहे. वय नात शोभेल एवढं, हुकूम फौजदाराचा. वॉर्डाच्या टोकाला दोन लोखंडी दांडे आहेत, त्यांच्यामध्ये ती मला रोज उभं करायची, आणि मी दांडे असे आवळायचो की सोडवायला वॉर्डबॉय बोलवावा लागे. पायावर भार दिला की हाड पुन्हा मोडणार आणि तू कुलूप घेऊन येणार, हेच डोक्यात. घाबरलो होतो मी. राहीला बोललो नाही, तुला सांगतो.

परवा मालनबाई म्हणाली, आज हात सोडायचे. आता वेळ काढायची मला एकच विद्या येते. गावचं गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराचा. म्हटलं, बाई, देवाच्या कानावर घातल्याशिवाय आमच्याकडे काही सुरू होत नाही. तिने मान डोलावली. मग काय! ग्रामदेवी, वेशीवरचा, पाणवठ्यावरचा, वाडीवाडीचे राखणदार, एकाला वगळलं नाही. शेजारच्या खाटेवरचा लवू खलाशी (हात प्लॅस्टरात, आवाज शाबूत) "व्हय म्हाराजा!" म्हणून ओरडला, आणि पुढच्या मागण्याला सगळा वॉर्ड ओरडला, नर्ससकट. देव संपले तेव्हा मी डॉक्टर घेतले, सळई घेतली, सळई घडवणारा लोहार घेतला. शेवटी दम लागला.

"बोला की आजोबा, थांबला का?" मालनबाई म्हणाली.

म्हटलं, झालं. आता सोडतो हात.

"ते मघाशीच सोडलासा की! हात जोडल्याबिगर गाऱ्हाणं हुतंय व्हय?"

खाली बघितलं. दोन्ही पाय लादीवर, दोन्ही हात छातीशी जोडलेले, आणि मधे मी, कुणी न धरलेला. अंगावर सरसरून काटा आला. माझं मागणं अजून तोंडातच होतं, आणि देणाऱ्याने ते कधीच देऊन टाकलं होतं. इतकी वर्षं गावासाठी हात जोडतोय, पण देव एवढा जवळ उभा असतो हे मला ठाऊक नव्हतं. मग मी चाललो.

पोरांच्या पाठीवरून हात फिरव. आता उभा राहून आशीर्वाद देणारा,

तुझा दादा,
भागोजी

ता. क. राही पत्र वाचतेय. म्हणते, देवाचं नाव घेऊन खोटं लिहू नका. तेव्हा, चाललो म्हणजे जेमतेम एक पाऊल टाकलं आणि मालनबाईच्या गळ्यात पडलो.

आणखी ता. क. राही चहा आणायला गेलीय. तू गणपतीनंतर नको, आधीच ये, बायकामुलांना घेऊन ये, आणि परतीचं तिकीट काढू नकोस. डॉक्टर म्हणतात, बाग बघायला आता घरचं माणूस हवं. (डॉक्टर असं काही म्हणालेले नाहीत.) गिरणी उघडत नाही हे तुलाही कळलंय. रिकाम्या हाताने गावात यायची तुला लाज वाटते, हे मला तुझ्या दोन ओळींत दिसलं. तर गावाला आपण सांगू, थोरल्याचा पाय अधू झाला म्हणून धाकटा धावून आला. चारचौघांत मी तुझ्यासाठी हवं तेवढं लंगडेन.