माघारीच्या आधी

प्रिय अंजली,

तुझ्या पिंकीचा पुढचा दात पडला आणि ती आता तोंडावर हात ठेवून हसते, हे आपल्या गावच्या समाधानने सांगितलं. तो भाजीची गाडी घेऊन नाशिकला आला की तुमच्याकडे डोकावतो, त्यामुळे तुमची खबर मिळत राहते. माझी मात्र तुला नीट मिळालेली नाही. सातपूरच्या कंपनीने पुन्हा ब्रेक दिला. कायम करायची वेळ आली की घरी बसवायचं आणि थोड्या दिवसांनी नव्याने बोलवायचं, ही त्यांची रीतच. या वेळी मी बोलावण्याची वाट पाहिली नाही. तू आणि किशोरभाऊंनी गंगापूर रोडला तुमच्याकडेच राहायचा आग्रह केला होता, तरी मी पेठची गाडी धरली. गावात बाया म्हणाल्या, बी.ए. झाली नि पुन्हा चुलीपाशीच आली. मीही हसले. खोटं काय होतं त्यात?

दिवाळीनंतर आपलं गाव कसं होतं ते तू विसरली असशील. धडधाकट माणसं निफाडकडे द्राक्षाच्या कामाला जातात, घरांना कुलपं लागतात, आणि मागे राहतात म्हातारी माणसं नि लेकुरवाळ्या बाया. आता प्रत्येक दारात नळ आहे. टेकडीवर टाकी आहे, तिला आकाशी रंग दिलाय. उद्घाटनाच्या दिवशी टँकरने टाकी भरली, नळ धो धो वाहिले, पोरं भिजून नाचली. त्यानंतर नळाला पाणी नाही. पावसात इथला डोंगर वाहून जाईल असं वाटतं, आणि होळी झाली की हंडे घेऊन दरीतल्या झऱ्यावर उतरावं लागतं. ती वाट तुझ्या पायांना ठाऊक आहे.

फकिराची बायको कलाबाई त्या वाटेवर पडली. पोटुशी होती. फकिरा निफाडला, म्हणून मीच तिच्याबरोबर जीपमध्ये बसले. घाट उतरताना तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि ती सारखी विचारत होती, "माझा हंडा कुठंय?" मी म्हणत राहिले, आहे गं, ठेवलाय. दवाखान्यात पोचलो तेव्हा उशीर झाला होता. कलाबाई वाचली, बाळ गेलं. संध्याकाळी फकिरा आला. तो कॉटच्या पायाशी उभा राहिला. अंजली, तू नर्स आहेस, असं पुष्कळ पाहिलं असशील. मी पहिल्यांदाच पाहिलं.

पुढच्या ग्रामसभेत मी उभी राहिले. समोर सरपंचाच्या खुर्चीत तुझे बाबा होते. भिकनदादांसमोर उभं राहून बोलायला माझी जीभ जड झाली, ते तुला कळेल. माझा बाप गेल्यावर नाशिकच्या वसतिगृहात माझं नाव लागावं म्हणून हाच माणूस ऑफिसच्या पायरीवर दिवसभर उपाशी बसला होता. म्हणून तर तू आणि मी एका खोलीत राहिलो. तरी विचारलं, दादा, टाकीत पाणी का चढत नाही? ते म्हणाले, "नळ घरोघर दिले. पाणी देनारा वरचा हाय." माणसं हसली. मग मागून कलाबाई बोलली. डोक्यावरचा पदर तसाच होता, आवाजही मोठा नव्हता. "वरच्यानं बाळ नाय नेलं दादा. वाटेनं नेलं." दादांनी पुढचा विषय घेतला.

आम्ही बाया तालुक्याला गेलो. तिथला साहेब वाईट माणूस नव्हता. बसायला खुर्च्या दिल्या, गार पाणी पाजलं, संगणकात पाहिलं आणि म्हणाला, "तुमच्या गावात पाणी सुरू आहे, बाई. गावाने तसं लिहून दिलंय." मी विचारलं, गावाने म्हणजे कोणी? म्हणाला, सरपंचांनी. आता पाणी येत नाही असं सरपंचांच्या सहीने आलं, तरच चौकशी लागेल. टाकीचा ठेकेदार कोणाचा पाहुणा आहे, हे तुला मी सांगायची गरज नाही. दादा ती सही करणार नाहीत. मी दोनदा त्यांच्या ओट्यावर जाऊन विनवलं. दुसऱ्या वेळी ते म्हणाले, तुला शिकवली ती यासाठी का? वाटेत त्याचाच विचार करत आले. माझं उत्तर हो असंच येत होतं.

आता हे पत्र का, ते सांगते. सरपंचपद यंदा बाईसाठी राखीव आहे. दादांनी तुझ्या आईचा, लतामावशींचा अर्ज भरलाय, हे तुला कळलं असेल. दुसरा अर्ज माझा आहे. भरायच्या आधी मी लतामावशींकडे गेले, सगळं सांगितलं. त्यांनी नेहमीसारखी भाकरी वाढली. मग तव्याकडे बघत म्हणाल्या, "मला कुनी इचारलं नाय, छाया. सही कर म्हनले, केली. तू तुझं कर. पन जेवायला येत जा." दादा गावभर सांगताहेत की अंजलीचा एक फोन आला की छाया माघार घेईल. ते मला बरोबर ओळखतात. तुझा आवाज ऐकला तर मी खरंच घेईन. म्हणून मोबाइल बंद करून ठेवलाय, माघारीची मुदत संपेपर्यंत बंदच राहील, आणि हे पत्र समाधानच्या हाती देते आहे. तू प्रचाराला ये. आईसाठी घरोघर फिर, तो तुझा हक्क आहे. माझ्या दारातही ये, मी चहा ठेवीन. माझ्यावर रागावलीस तर राग इथे येऊन काढ. निवडून आले तर पहिली सही त्या तक्रारीवर करीन, आणि पडले तर पुढच्या ग्रामसभेत पुन्हा उभी राहीन.

हरले तरी, जिंकले तरी तुझीच,
छाया